लागलो तो आपलो

“ही होडी न्हय, काथवट आसा,” आबा म्हणाले, आणि तरीही तिच्यात बसले.

“काथवटीत पीठ मळतत, आबानू. हिच्यात बसूक मुंबयची माणसां रांग लावतत.”

“मुंबयची माणसां कित्याकय रांग लावतत.”

कयाक पिवळी होती, प्लास्टिकची, दोन माणसांची. एकानं पुढे बसायचं, एकानं मागे, दोघांनीही पाय लांब पसरून. पलीकडच्या किनाऱ्यावरचं एक वॉटरस्पोर्ट बंद पडलं तेव्हा मी तशा दोन उचलल्या होत्या आणि पाहुण्यांना खाडीत, कांदळवनात फिरवून आणायचा धंदा सुरू केला होता. वल्हं मारायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझा बाप खाडीच्या वरच्या अंगाला तरीवर होता. तर म्हणजे माणसं पार नेणारी होडी. इकडच्या माणसांना तिकडे आणि तिकडच्यांना इकडे सोडण्यात त्याचा जन्म गेला आणि माझं बालपण.

लग्न होऊन आले तर इथंही तेच काम. फक्त माणसांच्या जागी निरोप.

आबा म्हणजे माझे सासरे, लवू तांडेल. गावातला नावाजलेला गरवणारा. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकून मासे धरण्याला गरवणं. जाळ्याला आबांनी आयुष्यात हात लावला नाही. “जाळ्यात काय, आंधळ्याकय गावता,” म्हणायचे. त्यांचा मुलगा उल्हास, माझा नवरा, बर्फाच्या कारखान्यात कामाला. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि शेजारचं एक बोट, एवढंच राहिलेलं. तरणा असताना आबांबरोबर गरवायला गेला होता, मोठा मासा लागला, तंगूस हाताला गुंडाळला गेला आणि बोटं गेली. तंगूस म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, ताणली की सुरीसारखी चालते. हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दिवसापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते, हेही सगळ्या गावाला माहीत होतं. का बोलत नव्हते ते मात्र कुणाला माहीत नव्हतं, आणि मलाही नाही.

एका घरात, एका पंक्तीला बसून न बोलणं कसं असतं ते सांगते. उल्हास म्हणायचा, “तेंका सांग, उद्या डाक्टराकडे जावचा आसा.” आबा हातभर अंतरावर. सगळं ऐकलेलं. तरी ते माझ्याकडे बघणार. मग मी म्हणायचं, “आबानू, उद्या डाक्टर.” आबा म्हणायचे, “तेका सांग, माका काय्येक झाला नाय.” मग मी इकडे वळायचं. सुरुवातीला हसू यायचं, मग राग यायला लागला. सून म्हणून आले आणि त्या घराचं टपाल झाले. उल्हासला कितीदा विचारलं, काय झालं सांगा तरी. तो म्हणायचा, “तेंकाच इचार.” आबांना विचारलं की ते उठून मागच्या उंडीच्या झाडाखाली जाऊन बसायचे. तिथं त्यांची होडी पालथी घातलेली होती. उल्हासनं एकदा निरोप दिला होता, ही होडी पाण्यात गेली तर मी घरातून गेलो. होडी तिथंच कुजली. वाळवीनं तिचा अर्धा तळ खाल्ला.

तर त्या सकाळी आबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सुगंधा, माका एकदा खडपार घेवन चल.”

“आणि हेंका काय सांगू?”

“काय सांगू नको. तो बर्फार गेलो.”

हिवाळाभर ते आजारी होते. अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, चहासुद्धा नाही. मी विरघळले. पण अटी घातल्या. एक, केशरी जाकीट घालायचं. दोन, लहान मासेच गरवायचे, शेतकं, तांबोशी, कढीपुरते. तीन, सुकती लागायच्या आत परत. सुकती म्हणजे ओहोटी. आमच्या खाडीच्या तोंडाशी सुकतीचं पाणी असं ओढतं की भल्याभल्यांना बाहेर नेऊन सोडतं.

आबा सगळ्याला हो म्हणाले. तिथंच मला कळायला हवं होतं. तो माणूस कधी कशाला हो म्हणत नसे.

बोडकं खडप हा खाडीच्या तोंडाच्या अलीकडचा बुडता खडक आहे. भरतीला दिसत नाही, फक्त वर पाणी जरा वेगळं वळतं. डोळे मिटूनही सापडावं तसं आबांनी मला तिथं नेलं, “वायच डावीकडे, अजून, बास.” मग त्यांनी मांडीवरच्या पिशवीतून सामान काढलं आणि माझे डोळे विस्फारले. गरी माझ्या मधल्या बोटाएवढी होती. तंगूस सुंभाएवढा जाड. आणि प्लास्टिकच्या डब्यात पाणी, पाण्यात एक जिवंत मासळी, चांगली वीतभर बोय.

“आबानू, ह्या काय?”

“आमिष.”

“एवढ्या आमिषाक शेतकां येतली? तेंच्या आजयेक पण ह्या गिळूचा नाय.”

आबांनी बोयीच्या पाठीत गरी अडकवली आणि खाली सोडली. तंगूस सरसरत गेला. होडीत असते तर दोरीची वेटोळी टोपलीत ठेवली असती. इथं टोपलीला जागा कुठली? वेटोळी त्यांच्या दोन पायांच्या मध्ये, त्या प्लास्टिकच्या खळग्यात पडलेली. मग त्यांनी तंगुसाचा एक सैल फास पायाच्या अंगठ्यात अडकवला. जुने गरवणारे असंच करतात. हात विडीला मोकळे राहतात आणि मासा नुसता हुंगला तरी अंगठ्याला कळतं. होडीत माणूस गुडघे मोडून बसतो, पाय फळीवर टेकलेला असतो, मोठा झटका आला की फास आपोआप निसटतो. आबांनी जन्मभर असंच केलं होतं. फक्त जन्मभर ते कयाकमध्ये पाय ताणून बसले नव्हते. हे माझ्याही डोक्यात आलं नाही, त्यांच्याही नाही.

“गोबरो आसा हय,” आबा हळूच म्हणाले. “खडपाच्या बिळात. तोच तो.”

“तोच म्हणजे?”

“उल्हासाक लागलेलो तो.”

“माशाच्या कपाळार काय नाव लिवलेला आसता? चला, काढा ती गरी. आपला काय ठरला होता?”

“वायच थांब.”

गोबरा म्हणजे खडकातला मासा. मोठा झाला की माणसाएवढा होतो, माणसाहून जडही. म्हातारा होतो, एकाच बिळात वर्षानुवर्षं राहतो. तसा मासा लागला तर आम्ही तो घेणार कुठं? मांडीवर? मी तेच विचारलं.

“ओढीत न्हेवया,” आबा म्हणाले. “मेल्यार.”

“आणि मरायच्या आधी?”

तेव्हा त्यांनी मला घराण्याचा नियम सांगितला. मी तो आधीही ऐकला होता, पण कढी ढवळताना ऐकणं वेगळं. “लागलो तो आपलो. एकदा गरी तोंडात गेली की वर घेवचो, नायतर तेच्याबरोबर जावचा. सोडूचो नाय. गरी घेवन सुटलेलो मासो खावक शकना नाय. तोंड कुजता. उपाशी मरता. मारूचा तर एका घावात मारूचा. उपाशी मारूचो हक्क देवाकय नाय.”

“मग जो वर घेवक येवचो नाय, तेका लावचाच कित्याक?”

आबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. बहुतेक त्यांना उत्तर द्यायचं होतं. पण त्याच वेळी गोबऱ्यानं बोय गिळली.

मला फक्त एवढं दिसलं की आबांचा पाय उडाला. फास अंगठ्यावरून सुटला, ते ठीकच, पण खळग्यातली वेटोळी साप उठावा तशी उठली आणि त्यातलं एक त्यांच्या घोट्याला बसलं. तंगूस उजव्या कडेवरून सरळ खाली ताणला गेला. कयाक उजवीकडे इतकी कलली की माझ्या मांडीवर पाणी आलं. मी सगळं अंग डावीकडे टाकलं. कयाक कशीबशी थांबली. मी वाकलेलीच राहिले, कारण सरळ झाले की ती पुन्हा कलत होती.

“आबानू! पाय!”

“आसा. पाय हयच आसा.”

“तंगूस काढा पायातलो!”

“निघणा नाय.” ते दोन्ही हातांनी ओढत होते. “बिळात शिरलो मेलो. फुगान बसलो.”

गोबरा बिळात शिरला की कल्ले फुगवून बसतो. मग बैल लावला तरी निघत नाही. म्हणजे खाली खडप, खडपात मासा, माशाच्या तोंडात गरी, आणि गरीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या सासऱ्याचा पाय. आमचा नांगर पडला होता, म्हणा ना.

“सुरी खंय आसा?”

आबांनी कमरेची सुरी काढली. लहानशी, लाकडी मुठीची, मासे साफ करायची. मला हायसं वाटलं. आता कापतील, आपण घरी जाऊ, उल्हासला काही कळणार नाही.

त्यांनी सुरी हातात धरली आणि तशीच धरून बसले.

“कापा!”

“वायच थांब. थकतलो तो.”

“तो थकतलो? तो आपल्या घरात बसलोसा! थकतलंय मी!”

“लागलो तो आपलो, सुगंधा.”

“मगे सुरी माका दिया! मी कापतंय, पाप माझ्या डोक्यार!”

“तू पुढे इलंस तर काथवट बुडतली.”

ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी थोडी पुढे सरकून बघितलं, तर कयाकचं नाक लगेच पाण्यात गेलं. मी मागे झाले. डावीकडे झुकून, दोन्ही हातांनी वल्हं आडवं धरून बसले. पाठ दुखायला लागली. हलायचं नाही, उठायचं नाही, ज्याच्या हातात सुरी तो कापत नाही, आणि जी कापायला तयार तिचा हात पोचत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं म्हणतात. इथं तर चावतही होतं आणि पळतही नव्हतं. मला एकदम आमच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. तिथंही मी अशीच दोघांच्या मध्ये बसायची, कुणीकडेही सरकले तर घर कलंडेल या भीतीनं.

आणि मग सुकती लागली.

आधी कळत नाही. पाण्यावरचा कचरा, एखादं कांदळीचं पान, जरा घाईनं जायला लागतं. मग कयाकच्या पोटाशी पाणी बोलायला लागतं. खाडी समुद्राकडे निघाली आणि आम्ही खडपाला बांधलेले. पाण्याच्या जोरानं कयाक मागे ओढली जात होती आणि आबांचा पाय पुढे. घोट्याभोवती तंगूस मांसात रुतला होता. पाऊल आधी लाल झालं, मग जांभळं.

“आबानू, पाय बगा तुमचो.”

“बगतंय.”

“जातलो तो पाय. बोटां गेली तशी.”

पाण्याची एक जाड घडी कयाकच्या नाकावरून आत आली, त्यांच्या मांड्यांवरून माझ्यापर्यंत. अजून थोडं पाणी वाढलं असतं तर आम्ही उलटलो असतो. मी पोहले असते. आबा जाकीट घालून डोकं पाण्याखाली, पाय खडपाला, असे लटकले असते. ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी रडायला लागले. रडत रडत शिव्या द्यायला लागले. सासऱ्याला कुणी देऊ नयेत अशा. त्यांना, त्यांच्या नियमाला, त्यांच्या सात पिढ्यांच्या गरींना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा, म्हटलं. मुलाची बोटं गेली तरी अक्कल आली नाही, म्हटलं.

त्यावर आबा म्हणाले, “सुरी माझ्याच हातात होती.”

“आसाच तुमच्या हातात! तीच तर मागतंय!”

“आजचा सांगणंय नाय. त्या दिवसाचा सांगतंय.”

ते पुढे बघत बोलत होते, मला फक्त त्यांची मान आणि केशरी जाकीट दिसत होतं.

“तंगूस तेच्या हाताक गुंडाळलेलो. मी हय, तो थंय, मधे एक फळी. माका म्हणालो, आबा, काप. मी म्हटलंय, वायच थांब, थकतलो तो. एवढो मोठो गोबरो माझ्या बापाशीनय बगूक नव्हतो. परत म्हणालो, आबा, काप. मी म्हटलंय, थांब रे.”

“मगे?”

“तिसऱ्यांदा काय बोलूक नाय. माझ्याकडे बगल्यान फक्त.” त्यांनी सुरीची मूठ अंगठ्यानं चोळली. “मगे बोटां गेली. मासोय गेलो. गरी घेवन गेलो.”

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्यांना पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं. लग्नाच्या पहिल्या रात्री उल्हासनं तो हात उशीखाली लपवला होता. शर्टाची बटणं अजून मी लावते. आणि हा म्हातारा माझ्यासमोर सुरी धरून बसला होता, पुन्हा.

“आणि म्हणान आज इलास? ह्याच माशाक धरूक?”

“तेच्या तोंडात माझी गरी आसा. काढूक व्हयी होती.”

“दुसरी घालून?”

आबांचे खांदे हलले. ते रडत होते की हसत होते कोण जाणे. “माका वाटला, ह्यो वर इलो, तर उल्हासाक दाखवीन. सांगान, बग, आणलंय. तेवढ्यापुरतो तरी तो माझ्याकडे बगीत.”

राग होताच, पण तो आता नुसता राग राहिला नव्हता. एवढ्यात तंगूस अचानक सैल पडला. कयाक डावीकडे लवंडली, मी घाईनं सरळ झाले. गोबरा बिळातून बाहेर आला होता.

तो वर आला. आमच्या अगदी जवळ, कयाकच्या नाकाशी. आधी पाण्यात एक काळपट सावली, मग डोकं. घमेल्यात मावणार नाही एवढं तोंड, जाड ओठ, आणि रुपयाएवढा डोळा, तो माझ्याकडे वळलेला. ओठातून आमची गरी आरपार गेलेली. जुनी गरी मला दिसली नाही. आबांना दिसली असं ते पुढे कायम म्हणत राहिले. मला एवढंच दिसलं की तो दमला होता, आणि भ्याला होता, आमच्याइतकाच.

“मारा नायतर कापा!” मी ओरडले. “एक कायतरी करा!”

आबांनी सुरी उचलली. घाव घालायला हात वर गेला. तिथून डोकं हातभरावर होतं. त्यांनी माशाच्या डोळ्यात बघितलं आणि हात तसाच राहिला. मासा वळला, शेपटीचा एकच फटका, आणि पुन्हा खाली. पुन्हा पाय ताणला गेला. या वेळी आबा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना दुखून ओरडताना ऐकलं.

“सुगंधा!”

ही हाक किनाऱ्याकडून आली. मान वळवली तर उल्हास. माझ्या दुसऱ्या पिवळ्या कयाकमध्ये, एकटा, कारखान्याच्या ओल्या पँटीत. बाजारात बर्फ उतरवायला आला होता, किनाऱ्यावरून त्याला खाडीच्या तोंडाशी दोन केशरी ठिपके दिसले होते. कयाकमध्ये तो कधी बसलेला नव्हता. दोन बोटांच्या हातात वल्हं कसं धरलं होतं देव जाणे, पण सुकतीच्या ओढीनं तो सरळ आमच्यावर येऊन आदळला आणि डाव्या हातानं आमच्या कडेची दोरी पकडली. दोन कयाक एकमेकींना टेकल्या आणि आमची डगमग थांबली. किती वेळानं मी पाठ सरळ केली.

उल्हासनं बघितलं. तंगूस बघितला, पाय बघितला, आबांच्या हातातली सुरी बघितली. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा काय करेल याचा नेम नाही.

त्यानं उजवा हात पुढे केला. ती दोन बोटं. आबांच्या नाकासमोर.

आबा त्या हाताकडे बघत राहिले. घरात इतकी वर्षं एका पंक्तीला जेवले, पण तो हात त्यांनी असा समोर कधी बघितला नसणार. नेहमी नजर चुकवून ताटाकडे. मग त्यांनी सुरी त्या दोन बोटांत दिली.

उल्हास आडवा झाला, त्यांच्या मांडीवरून वाकला आणि सुरी तंगुसाला लावली. आणि थांबला.

“कापू?” त्यानं विचारलं.

माझ्याकडे बघून नाही. आबांकडे.

“इचारतंस काय मेल्या, काप!” मी किंचाळले. नवऱ्याला मी आयुष्यात एकदाच मेल्या म्हटलं, ते तेव्हा. पण त्यानं मान वळवली नाही. पाणी कयाकवरून वाहत होतं, पाय काळा पडत चालला होता, आणि हा पठ्ठ्या सुरी टेकवून बापाच्या तोंडाकडे बघत थांबला होता.

“कापू, आबा?”

“काप,” आबा पुटपुटले.

“आयकाक येवक नाय.”

“काप रे!” आबा ओरडले, आणि त्यांचा आवाज फुटला. “काप रे माझ्या झिला! तेव्हाच कापूक व्हया होता!”

सुरी एकदा फिरली. तंगूस टण्णकन तुटला आणि आम्ही तिघंही सुकतीबरोबर सुटलो.

पुढचं सगळं वल्हं मारणं. तोंडाच्या डाव्या अंगाला वाळूचा दांडा आहे, तो गाठला नसता तर आम्ही थेट समुद्रात गेलो असतो. उल्हास पुढे, मी मागे, मध्ये दोरी. आबा मधूनच मागे वळून खडपाकडे बघत होते. “गरी घेवन गेलो,” एकदा म्हणाले. वाळूला लागल्यावर आबांना पाय टेकवेना. उल्हासनं त्यांच्याकडे पाठ केली आणि खाली बसला. आबा माझ्याकडे बघायला लागले, निरोपाची सवय. मी समुद्राकडे तोंड फिरवलं. मग ते मुकाट्यानं त्याच्या पाठुंगळी बसले. घरापर्यंत ते दोघे पुढे आणि मी दोन वल्ही घेऊन मागे.

पाय वाचला. घोट्याभोवती कायमचा वळ राहिला, पैंजणासारखा. संध्याकाळी मी हळदीच्या गरम पाण्यात तो शेकत होते, तेव्हा आबांनी माझ्याकडे कानस मागितली. पडवीत बसून, पिशवीतल्या सगळ्या गरी एकेक काढून, त्यांच्या टोकाचा उलटा दात ते घासून काढायला लागले. तो दात असतो म्हणून गरी सुटत नाही. तो नसला की मासा जरा झगडला तर मोकळा होतो.

“आता ह्या गरीक काय मासो रवतलो?” मी म्हटलं.

“रवात नायतर जायत,” आबा म्हणाले, आणि पुढची गरी उचलली.

उल्हास दारात उभा राहून ते बघत होता.

जेवायला पंक्त नेहमीसारखी बसली. भात, कढी, सुका बांगडा. उल्हासनं दोन घास खाल्ले आणि भाताकडे बघत मला म्हणाला, “तेंका इचार, पाय दुकता काय.”

मी त्याच्याकडे बघितलं. आबांकडे बघितलं. दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. मग मी माझं ताट उचललं.

“माझी तर बंद,” मी म्हटलं. “आता ज्येची त्येनी वल्ही मारा.” आणि मागीलदारी पायरीवर जाऊन बसले. समोर उंडीखाली ती कुजकी होडी. ताट मांडीवर, कान आत.

ताटात बोटं फिरल्याचा आवाज. कुणीतरी पाणी प्यायलं.

“पाय दुकता?” उल्हासचा आवाज.

“दुकता.”

मला वाटलं, झालं, एवढंच. एवढंही पुष्कळ झालं.

मग आबांनी घसा खाकरला. “आणि तुझो हात?”

मी ताट खाली ठेवलं.

“थंडीत दुकता,” तो म्हणाला.

कढीचं पातेलं जमिनीवरून ओढल्याचा आवाज आला. कुणी कुणाला वाढली ते मी बघायला गेले नाही.